शटल उशिरा दिसतं की उशिरा कळतं?

प्रश्न: मी सतरा वर्षांची आहे. सात वर्षं बॅडमिंटन खेळते. सरावात माझा खेळ चांगला होतो, पण सामन्यात समोरचीचा स्मॅश आला की मला उशीरच होतो. सर म्हणतात, ‘लक्ष दे.’ डोळे तपासून घेतले, नंबर नाही. माझे रिफ्लेक्सच कमी असतील का? मला मानसशास्त्र आवडतं. लक्ष, आकलन आणि खेळ यांचा अभ्यास करून करिअर होऊ शकतं का? आई-बाबांना वाटतं, खेळात जमत नाही म्हणून मी पळवाट शोधतेय.

उत्तर:

आधी ते ‘रिफ्लेक्स कमी’ मनातून काढून टाक. डोळ्यांना काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत कोणालाही साधारण 200 मिलिसेकंद लागतात. दिवा लागला की बटण दाबायचं, अशी साधी चाचणी घेतली तर कसलेला खेळाडू आणि इतर माणसं यांच्यात फारसं अंतर पडत नाही. अंतर पडतं ते शटल निघायच्या आधी.

2004 साली एका प्रदर्शनीय सॉफ्टबॉल सामन्यात जेनी फिंच या अमेरिकन पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, अल्बर्ट पुजोल्स आणि माइक पियाझा यांच्यासारख्या बेसबॉलच्या नामवंत फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू फटकावू न देता बाद, केलं. त्यांची नजर आणि मनगटं एका दिवसात बिघडली नव्हती. खांद्यावरून येणारी फेक वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि फिंचची फेक खालच्या हाताने येत होती. तो हात त्यांनी कधी वाचलाच नव्हता.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ बघ. सरावात चांगलं, सामन्यात उशीर. सरावात तू कोणाबरोबर खेळतेस? बहुतेक त्याच तीन-चार मुलींबरोबर. त्यांचा खांदा कसा वळला की ड्रॉप (जाळीजवळ अलगद टाकलेला फटका) येतो, हे तुला न कळत पाठ झालेलं असणार. सामन्यात समोर अनोळखी हात असतो. माझा अंदाज आहे की तुझी अडचण इथेच आहे.

या गोष्टीचा तुझ्याच खेळात अभ्यास झाला आहे. ब्रूस अ‍ॅबरनेथी आणि डेव्हिड रसेल यांनी 1987 मध्ये बॅडमिंटनपटूंना फटक्यांच्या फिल्म दाखवल्या. रॅकेट शटलला लागण्याच्या आधीच चित्र थांबवायचं आणि विचारायचं, शटल कुठे पडेल? नवख्यांना कळायचं ते जवळजवळ रॅकेटवरूनच. कसलेले खेळाडू रॅकेटच्या आधी हलणाऱ्या दंडावरूनही ओळखत होते. म्हणजे त्यांना माहिती थोडी लवकर मिळत होती, आणि तुमच्या खेळात ते ‘थोडं’ फार मोठं असतं.

म्हणून नुसतं ‘लक्ष दे’ म्हणून भागत नाही. कुठे द्यायचं, हे सांगावं लागतं. घाबरलेला खेळाडू लक्ष देतो, पण स्वतःच्या हाताकडे: ग्रिप बरोबर आहे ना, मनगट वळतंय ना. मानसशास्त्रज्ञ सियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरलेल्या फुटबॉलपटूंना चेंडू नेताना स्वतःच्या पायाकडे लक्ष द्यायला सांगितलं, तर त्यांचा वेग कमी झाला. अंगवळणी पडलेली हालचाल सुटी सुटी करून तपासायला गेलं की ती अडखळते. नवशिक्याला मात्र अशा तपासणीचा उपयोग होतो, म्हणून सर चुकतात असं मी म्हणणार नाही. तू आता नवशिकी नाहीस, इतकंच.

एक करून बघ. पुढच्या स्पर्धेत अनोळखी मुलींच्या सामन्यांचं मोबाइलवर चित्रीकरण करायला कोणाला तरी सांग. त्या मुलींची परवानगी मात्र आधी घे. घरी बसून, कोपर वर गेलंय पण रॅकेट अजून मागेच आहे, अशा क्षणी व्हिडिओ थांबव. वहीत लिही: स्मॅश, क्लिअर (उंच, मागच्या रेषेपर्यंतचा फटका) की ड्रॉप, डावीकडे की उजवीकडे. मग पुढे चालव आणि ताडून बघ. रोज वीस फटके पुरेत. चुकलेल्यांसमोर तू नेमकं कुठे बघत होतीस, तेही लिही. ती वही फार बोलकी होते. लुकलुकत्या ठिपक्यांच्या मागे बोट नेणारी ‘नजर वाढवणारी’ अ‍ॅप्स मात्र घेऊ नकोस. त्यांनी माणूस ठिपक्यांत तरबेज होतो. कोर्टवर त्याचा फायदा होतो याचा पुरावा तोकडा आहे.

आता करिअर. हो, होऊ शकतं, पण वाटा वेगवेगळ्या आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. खेळाडूची भीती, दडपण, दुखापतीनंतरचं मन सांभाळायचं असेल तर मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, याला पर्याय नाही. तुझा प्रश्न मला वेगळ्या जातीचा वाटतो: डोळा काय उचलतो आणि हात काय करतो. हे संवेदन, अवधान आणि हालचाल यांचं संशोधन आहे. त्यात नजरेचा माग घेणारी यंत्रं असतात, शरीररचना असते आणि संख्याशास्त्र तर भरपूर असतं. गणित सोडायचा विचार असेल तर सोडू नकोस. शिवाय संघांबरोबर व्हिडिओ विश्लेषणाचं कामही असतं, तिथे शिरकाव तुलनेने लवकर होतो. पूर्ण वेळच्या जागा कुठल्याच वाटेवर फार नाहीत, हे आई-बाबांपासून लपवू नकोस.

पळवाटेबद्दल: स्वतःच्या चुकीकडे इतक्या बारकाईने बघणारी मुलगी पळत नसते, असं मला मनापासून वाटतं. त्यांना ती वही दाखव. खेळ सोडायचा की नाही, हे आत्ता ठरवायची गरजही नाही. या विषयात खेळलेल्या माणसाला असे प्रश्न सुचतात जे इतरांना सुचत नाहीत.

तीन आठवड्यांनी मला पुन्हा लिही. पहिल्या दिवशी वीसपैकी किती बरोबर आले आणि शेवटच्या दिवशी किती, एवढे दोन आकडे कळव.