हळद लाल का होते, डाळ का अडते

सातारा आणि सांगलीकडच्या वाचकांचे प्रश्न या वेळी बरेच साठले होते. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

घरच्या हळदीच्या कार्यक्रमात मुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर हळद पडली. साबण लावला तर डाग जायचा सोडून लालभडक झाला. सासूबाई म्हणतात, हळदीत भेसळ होती. खरं का?
(एक वाचक, विटा)

हळदीला दोष देऊ नका. हळदीचा पिवळेपणा ज्या करक्युमिनमुळे येतो, त्याची ही सवयच आहे. आंबट किंवा साध्या पाण्यात ते पिवळं राहतं आणि साबण, सोडा, चुना असं काही खारं लागलं की लाल होतं. मुरगळलेल्या पायाला हळद-चुन्याचा लेप लावताना वाटीत रंग कसा पालटतो ते सासूबाईंनी नक्की पाहिलं असेल. पारंपरिक कुंकूही हळदीला चुना किंवा टाकणखार लावूनच करत आले आहेत. लाल झालेल्या डागावर लिंबाचे दोन थेंब टाका, तो पुन्हा पिवळा होईल. म्हणजे लाल होणं हे डाग वाढल्याचं लक्षण नाही, फक्त रंग बदलला आहे.

आता डाग काढायचा कसा ते पाहू. वरची ओली हळद आधी चमच्याच्या कडेने खरवडून घ्या. चोळू नका, चोळली की ती धाग्यात घुसते. मग कापड उलटं करून डागाच्या मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडा. गरम पाणी अजिबात नको आणि डाग असताना इस्त्री तर नकोच, कारण उष्णतेने रंग पक्का बसतो. भांडी घासायचा पातळ साबण चमचाभर लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि खळबळून घ्या. डाग लाल दिसेल, दिसू द्या. मग तो भाग ओला असतानाच कडक उन्हात पसरा. वाळला की पुन्हा पाणी शिंपडा. करक्युमिन उजेडात टिकत नाही. तीन-चार तासांत डाग फिका पडतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी जातोच. ऊन न लावता नुसते धूत बसणाऱ्यांचेच डाग राहतात.

रंगीत कापडाचा मूळ रंगही उन्हाने उडतो, म्हणून डागाभोवतीचा भाग जाड फडक्याने झाकून ठेवा. पांढऱ्या सुती कपड्याला ब्लीच चालतं, पण ब्लीच आणि लिंबू किंवा व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

भेसळीची शंका तरीही जात नसेल तर कोमट पाण्याच्या ग्लासात चमचाभर हळद सोडा आणि ढवळू नका. चांगली हळद तळाशी बसते, वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. रंग घातलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं.

पाच शिट्ट्या केल्या तरी तूरडाळ दाणेदार राहते. हीच डाळ माहेरी कराडला तीन शिट्ट्यांत मेणासारखी होते. आमच्याकडे उंचीमुळे असं होतं का?
(एक गृहिणी, दहिवडी)

उंचीचा परिणाम असतो, पण तुमची अडचण ती नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी १०० ऐवजी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि भात-डाळीला जास्त वेळ लागतो. कुकरचं तसं नाही. शिटी आतला दाब वाढवते, त्यामुळे आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. महाबळेश्वरलाही त्यात दोन-तीन अंशांचाच फरक पडतो.

दोष पाण्यात असणार. तुमच्या माण तालुक्यात आणि खटाव, आटपाडी, जतकडे बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरतं, आणि मग दाणा फुटत नाही. कराडला नदीचं पाणी असेल, तर फरकाचं कारण तेच. खात्री करायला पारदर्शक बाटली अर्धी भरा, अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा किसून टाका आणि जोरात हलवा. फेस उभा राहिला तर पाणी हलकं. फेस न येता वर पांढरट साय आली तर पाणी जड. घरात नळाच्या तोटीवर आणि चहाच्या पातेल्यात पांढरी खपली धरत असेल तर परीक्षेचीही गरज नाही.

उपाय असा: डाळीपुरतं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, गार होऊ द्या, तळाचा पांढरा गाळ हलवू नका आणि वरचं पाणी वापरा. यात सगळा जडपणा जात नाही, पण बराच जातो. घरात आरओ असेल तर डाळ भिजवायला आणि शिजवायला तेच पाणी घ्या. एक वाटी डाळीला तीन वाट्या पाणी आणि अर्धा तास भिजवण. एवढं करूनही अडली तर दोन बोटांत मावेल इतका खायचा सोडा घाला. त्याहून जास्त घालण्याचा मोह टाळा: डाळीचा लगदा होतो, साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

आणखी दोन गोष्टी. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला, कारण आंबटाने दाणा आखडतो. आणि डाळ जुनी आहे का ते पाहा. वर्षभर उष्ण, दमट जागी पडून राहिलेली डाळ कितीही चांगलं पाणी घेतलं तरी नीट शिजत नाही.

शिट्ट्या मोजण्याबद्दलही सांगायला हवं. शिटी हे वेळेचं माप नाही. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक आचेवर त्यालाच पंधरा मिनिटं लागतात. पहिली शिटी येईपर्यंत आच मोठी ठेवा, मग बारीक करून घड्याळात दहा मिनिटं मोजा. दाब आपोआप उतरू द्या. त्या वेळातही डाळ शिजतच असते.

‘क्लासेसचं पेव फुटलंय’ असं सगळे म्हणतात. पेव म्हणजे नेमकं काय?
(कॉलेजमधला विद्यार्थी, मिरज)

तुमच्यापासून फार लांब जायला नको. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा मिळतात तिथे हरिपूर आहे. तिथली पेवं हळदीसाठी प्रसिद्ध होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असं कोठार. रांजण जमिनीत पुरला आहे अशी कल्पना करा. चिकट, घट्ट माती लागते, नाहीतर कडा ढासळतात. तळाला आणि कडेला वाळका पाला घालून माल भरायचा आणि तोंड मातीने बंद करायचं. आत हवा नसल्यामुळे कीड जगत नाही, त्यामुळे हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या महापुराचं पाणी यातल्या कितीतरी पेवांत शिरलं.

असं भरलेलं पेव फुटलं की धान्य भसाभस बाहेर येणार. त्यावरून एखाद्या गोष्टीची एकदम रेलचेल झाली की ‘पेव फुटलं’ म्हणतात.

पेवात उतरण्याचा नियम मात्र आजही लक्षात ठेवावा. बंद पेवातला प्राणवायू संपलेला असतो. म्हणून तोंड उघडून बराच वेळ हवा खेळू देत आणि मग दोरीने कंदील आत सोडत. कंदील विझला तर कुणी उतरत नसे. जुनी विहीर, सेप्टिक टाकी, गोबर गॅसची टाकी यांतही असाच घात होतो आणि एकाला वाचवायला दुसरा उतरतो तेव्हा दोघंही जातात. तिथे कंदिलाची परीक्षा करू नका, आतल्या ज्वलनशील वायूमुळे स्फोट होईल. सरळ अग्निशमन दलाला बोलवा.

पावसाळ्यात रोज वाचतो: कोयनेत इतके टीएमसी, विसर्ग इतके क्युसेक, आयर्विन पुलापाशी इतके फूट. यातून आमच्या घराला काय कळायचं?
(एक ज्येष्ठ वाचक, सांगली)

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, जवळपास २८.३ लिटर पाणी. गच्चीवरची हजार लिटरची टाकी एक क्युसेकने ३५ सेकंदांत भरेल. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. दोघांना जोडणारा आकडा पाठच करून ठेवा: ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं तर एक टीएमसी होतं. म्हणजे ५०,००० क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर साधारण सव्वाचार टीएमसी पाणी खाली आलं.

फुटांचा हिशोब वेगळा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. हे पट्टीवरचं वाचन आहे. नदी तिथे तेवढी खोल आहे किंवा तुमच्या गल्लीत तेवढं पाणी येईल, असा त्याचा अर्थ नाही. २०१९ मध्ये हीच पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तुमच्या घरासाठी उपयोगी आकडा एकच: पुलापाशी किती फूट असताना तुमच्या पायरीला पाणी लागतं. मागच्या पुरांच्या बातम्या आणि शेजाऱ्यांच्या आठवणी जुळवून तो काढा आणि मीटरच्या पेटीजवळ भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. त्याच्या तीन फूट आधी गॅस सिलिंडर, कागदपत्रं आणि औषधं वर न्यायची, वीज मेनमधून बंद करायची. आदल्या रात्री ठरवत बसायची वेळ येत नाही.

भडंग तिसऱ्या दिवशी मऊ पडतं. दुकानातलं कसं पडत नाही?
(एक वाचक, तासगाव)

चिरमुरे ओले नसतात, ओलावा लसूण आणि कढीपत्त्यातून येतो. पाव किलो चिरमुरे आधी बारीक आचेवर पाच-सहा मिनिटं कोरडे भाजा. एक दाणा बोटांत चुरडला की भुगा व्हायला हवा, चपटा झाला तर अजून भाजा. अर्धी वाटी तेलात वाटीभर शेंगदाणे तळून काढा. मग सालासकट ठेचलेल्या पंधरा-वीस लसूण पाकळ्या कडक, तांबूस होईपर्यंत तळा. घाई इथेच नडते. लसूण आतून मऊ राहिला की त्याचं पाणी चिरमुरे ओढून घेतात. कढीपत्ता कुरकुरीत झाला की गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि मगच अर्धा चमचा हळद, दोन चमचे तिखट घाला. तापल्या तेलात तिखट करपतं आणि सगळं भडंग कडवट होतं. दीड चमचा मीठ आणि मोठा चमचाभर पिठीसाखर मिक्सरमधून बारीक करून घ्या, नाहीतर ते डब्याच्या तळाशी बसतं. पूर्ण गार होईपर्यंत डबा लावू नका, झाकणाला धरलेल्या वाफेचं पाणी परत आतच पडतं.

सातारहून आणलेल्या कंदी पेढ्यांवर पांढरे ठिपके आलेत. टाकावेत का?
(एक वाचक, पलूस)

ठिपक्यावर सुईच्या टोकाने पाण्याचा थेंब ठेवा. विरघळला आणि तिथे चकाकणारे कडक कण होते तर ती साखर वर आली आहे, पेढा खा. ठिपका लवदार असेल, हिरवट-करडा दिसत असेल, कुबट वास येत असेल तर ती बुरशी. मग अख्खा पुडा टाका, वरचं खरवडून चालत नाही.

मुलीसाठी मिरजेचा तंबोरा घेतला. तारांखाली दोऱ्याचे तुकडे अडकवलेले दिसले म्हणून पुसताना काढून टाकले. आता आवाज ठोकळ येतो. बिघडला का?
(एक पालक, सातारा)

बिघडला नाही. त्याची जवारी, म्हणजे तारेचा भरलेला, गुंजणारा आवाज, तेवढी गेली आहे, ती परत आणता येते. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, रुंद असते आणि वरून किंचित उतरती घासलेली असते. तार तिथे एका बिंदूवर टेकत नाही, कंप पावताना पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा हलकेच शिवत जाते. त्या शिवण्यातून वरचे स्वर उमलतात. दोरा तारेला केसभर उचलून ते शिवणं नेमक्या जागी आणतो.

शिवणकामाचा सुती दोरा घ्या, बोटभर लांबीचे चार तुकडे करा. तार सुरात लावून ठेवा. दोरा तारेखालून घाला आणि एका हाताने तार छेडत दुसऱ्या हाताने तो घोडीवर पुढे-मागे अगदी थोडा थोडा सरकवा. बराच वेळ काहीच होत नाही, मग एका जागी आवाज अचानक भरून येतो आणि गुंजत राहतो. तिथेच थांबा. अर्धा मिलिमीटर पुढे गेलात तर नुसती भणभण ऐकू येईल. पोलादी तारांना एक जागा सापडली म्हणजे खर्जाच्या पितळी तारेलाही तीच चालेल असं नाही, प्रत्येक तारेची जागा वेगळी शोधावी लागते. सूर बारीक मिळवायचा तो खुंटीने नव्हे, घोडीच्या खालच्या बाजूला तारांत ओवलेल्या मण्यांनी.

दोरा दमट हवेत फुगतो, म्हणून पावसाळ्यात महिन्याला बदला. कितीही सरकवून आवाज उघडत नसेल आणि घोडीवर तारांच्या चऱ्या दिसत असतील तर घोडी पुन्हा घासून जवारी जुळवावी लागेल. ते काम घरी कानस घेऊन करू नका. मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांकडेच द्या. २०२४ मध्ये तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. घोडीवरचा तो उतार ते हाताने घासतात आणि कानाने तपासतात.