पत्रा वाकताना गरम का होतो, आणि ते 90 टक्के कुठून आले?

प्रश्न: भोसरीत प्रेस शॉपमध्ये आहे. स्ट्रोक सलग चालू असले की डायमधून निघालेला पार्ट हाताला गरम लागतो, पण त्याच पत्र्याची पट्टी युटीएमवर (पट्टी ओढून ताकद मोजायचं मशीन) सावकाश ओढली तर काहीच जाणवत नाही. शिवाय स्पीड वाढवला की लोडही वाढतो. आमचे सिम्युलेशनवाले म्हणतात व्हिस्कोप्लास्टिक मॉडेल (ज्यात वेगाप्रमाणे ताण बदलतो) घ्या आणि 90 टक्के काम उष्णतेत टाका. हे 90 डोळे झाकून घ्यायचं का? – एक वाचक, भोसरी

उत्तर: उष्णता दोन्हीकडे तयार होते हो, फरक वेळेचा. युटीएमवर ती जॉमधून (पट्टी धरणारे जबडे) आणि हवेत निघून जाते, प्रेसच्या स्ट्रोकमध्ये तेवढी सवडच नसते (डायच्या घर्षणाची भर पडते ती वेगळीच). हिशोब करून बघा, 500 मेगापास्कल ताणाला 20 टक्के कायमची स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानाने ताणणं) दिली तर घनमीटरला 100 मेगाज्यूल काम झालं, त्यातलं 90 टक्के उष्णता झालं आणि बाहेर काहीच गेलं नाही तर स्टील साधारण 23 अंशांनी तापतं, मग हाताला कळणारच ना.

आता लोडचं. धातू कायमचा वाकतो म्हणजे आत डिस्लोकेशन (अणूंच्या रांगांमधले दोष) सरकतात, आणि अडथळे ओलांडायला त्यांना अणूंच्या उष्णतेच्या थरथरीची मदत होते, वेळ कमी मिळाला की ती मदत कमी पडते आणि जास्त ताण लावून ढकलावं लागतं. माइल्ड स्टीलवर वेगाचा परिणाम फारच, काउपर आणि सायमंड्स यांच्या 1957 च्या सूत्रात माइल्ड स्टीलचे नेहमीचे आकडे टाकले तर सेकंदाला 40 च्या आसपास स्ट्रेन रेट (स्ट्रेनचा वेग) झाला की यील्ड, म्हणजे कायमचं वाकणं सुरू होतं तो ताण, दुप्पट!

एक गोष्ट नक्की करून बघा. पट्टी यील्डच्या पुढे गेली की क्रॉसहेड (मशीनचा ओढणारा भाग) मध्येच थांबवा आणि लोडच्या आकड्याकडे बघत राहा. पट्टी ओढायची थांबली तरी आकडा आधी भरभर, मग हळूहळू खाली येतो. पेझिना यांनी 1963 मध्ये जे मॉडेल मांडलं त्यात हेच आहे, ताण यील्डच्या जितका वर तितका कायमच्या स्ट्रेनचा वेग जास्त, त्यामुळे मशीन थांबलं तरी धातू आतून थोडा सरकत राहतो आणि तो वरचा ताण विरत जातो.

आणि 90 टक्के? टेलर आणि क्विनी यांनी 1934 मध्ये धातूत मागे राहणारी ऊर्जा मोजली, तिथून ही पद्धत पडली. बहुतेक काम उष्णता होतं, उरलेलं डिस्लोकेशनच्या गुंत्यात साठतं. पण अहो, तो गुंता म्हणजेच तर हार्डनिंग, वाकेल तसा धातू कडक होणं! मॉडेलमध्ये हार्डनिंग ज्या फ्री एनर्जीतून (धातूत साठणाऱ्या ऊर्जेचं सूत्र) येतं ती एकदा लिहिली की किती ऊर्जा साठली हे तिथेच ठरून गेलं, झालेल्या कामातून ती वजा केली की उरते ती उष्णता, आणि थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम एवढंच मागतो की हे उरलेलं कधी शून्याच्या खाली जाऊ नये. मग वरून 90 घातले तर मॉडेल म्हणणार समजा 25 टक्के साठले आणि तुम्ही म्हणणार 10, खातं जुळणार कसं? शिवाय हे प्रमाण धातूप्रमाणे आणि स्ट्रेनप्रमाणे बदलत जातं, एकच आकडा सगळीकडे चालवणं मला पटत नाही.

अर्थात सगळंच हार्डनिंग ऊर्जा साठवत नाही, काही भाग नुसता अडथळा वाढवतो आणि त्याचीही उष्णताच होते. ही वाटणी नुसत्या लोडच्या कर्व्हवरून कळत नाही, कितीही छान फिट झाला तरी. म्हणून जलद टेस्ट करताना पट्टीवर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावा, नाहीतर थर्मल कॅमेरा, आणि लोड व तापमान दोन्ही एकाच मॉडेलमधून जुळतंय का ते बघा.

साध्या ड्रॉइंगच्या (पत्रा ओढून खोलगट आकार देण्याच्या) पार्टला वीसेक अंशांनी लोडमध्ये फारसा फरक पडत नाही, तिथे 90 खुशाल वापरा. ब्लँकिंगला (पत्र्यातून तुकडा कापताना) मात्र नको, कारण कातरताना अगदी अरुंद पट्ट्यात स्ट्रेन कितीतरी पट जास्त असते, तिथला धातू तापून मऊ होतो आणि सगळी स्ट्रेन आणखी तिथेच गोळा होते.