मित्रांपेक्षा जास्त पैसा आहे म्हणून अपराधी वाटतं. यातून बाहेर कसं यायचं?

तुम्ही विचारलंय की तुमचा पगार मित्रांच्या आणि भावंडांच्या मानाने बराच जास्त आहे, काही नवीन घेतलं की अपराधी वाटतं, कोणी किंमत विचारली तर कमी करून सांगता, आणि हे बरोबर आहे का.

किंमत कमी करून सांगणं आधी बंद करा. बाकीचं नंतर बघू. मी हा उद्योग चार वर्षं केलाय, म्हणूनच लिहायला बसलोय.

मी आणि माझा एक मित्र एकाच दिवशी एका कंपनीत लागलो. पद तेच, पगार तोच, टेबलंही शेजारी. सहाव्या वर्षी माझ्या आईचं ऑपरेशन ठरलं. माझं प्रोजेक्ट रात्रपाळीचं, त्याचं दिवसाचं. मी त्याला विचारलं, अदलाबदल करतोस का? तो लगेच हो म्हणाला. दोघांनी मिळून मॅनेजरला तीन ओळींचा मेल टाकला. तो मेल मी अजून जपून ठेवलाय.

आई दोन महिन्यांत हिंडूफिरू लागली. आता पुन्हा बदलून घेऊ, असं मी म्हणालो नाही. त्यानेही विषय काढला नाही. मला दिवसाच्या कामाची सवय झाली होती, दुसरं काही कारण नाही. अकरा महिन्यांनी क्लायंटने रात्रपाळीचं प्रोजेक्ट गुंडाळलं आणि त्यावरची सगळी माणसं एका शुक्रवारी घरी गेली. त्यात तो होता.

माझी नोकरी टिकली. पुढे मला कंपनीचे शेअर मिळाले आणि त्यांचा भाव चढत गेला. मी फार मोठं काही केलं असं नाही, दिवसा ऑफिसात जात राहिलो. त्याला सात महिन्यांनी दुसरी नोकरी मिळाली, बऱ्याच कमी पगाराची.

तिथून माझी नाटकं सुरू झाली. नवी गाडी त्याच्या घरापासून दोन रस्ते अलीकडे लावायचो आणि चालत जायचो. डिकीत जुन्या चपलांचा एक जोड ठेवला होता, गाडीतच बूट काढून त्या पायात घालायचो. त्याच्यासमोर उगाच खर्चाची रड लावायचो. मला वाटायचं मी त्याचं मन सांभाळतोय. एक दिवस त्याच्या मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "काका, तुम्ही गाडीत बसून चपला का बदलता?" तिची शाळेची बस त्याच रस्त्याने यायची. वहिनी आत निघून गेल्या. मित्र माझ्या पायांकडे बघत राहिला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पुढे एकदा वहिनींच्या बोलण्यात आलं की मुलीची फी थकलीय. शाळेच्या साइटवर फी भरायला विद्यार्थ्याचा क्रमांक आणि जन्मतारीख लागायची. तिच्या ओळखपत्राचा एक फोटो माझ्या फोनमध्ये होता. रात्री बसून वर्षाची फी भरून टाकली. कोणाला कळणार नाही अशी माझी समजूत. चार मिनिटांत पावतीचा मेसेज तिच्या वडिलांच्या फोनवर गेला!

त्याला वाटलं शाळेची काहीतरी चूक झाली. दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त करून घ्यायला तो अर्धी रजा टाकून शाळेत गेला. कारकुनाने स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि पैसे भरणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. मागे रांग होती. हे मला त्याने बऱ्याच दिवसांनी सांगितलं. त्या संध्याकाळी फोनवर फक्त "पावती मिळाली" एवढंच म्हणाला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला माझ्या खात्यात काही रक्कम आली. शेऱ्यात लिहिलं होतं, "फी १/१८".

मी भडकलो. फोन करून म्हणालो, हा काय वेडेपणा, तुझं देणं मी लागतो, तू माझ्या जागी गेलास म्हणून तुझी नोकरी गेली. यावर तो जे म्हणाला तिथून आमचा वाद सुरू झाला. तो म्हणाला, "कसली अदलाबदल? मला रात्रपाळीचा भत्ता हवा होता. तू विचारलं नसतंस तर मीच विचारणार होतो." आणि वर, "तुला माझं देणं लागायचंय, म्हणजे तुला हलकं वाटेल. मला मिंधा करून तू उतराई होणार, हा कुठला न्याय?"

त्या काळात मी दानधर्म करणाऱ्या श्रीमंतांविषयी बरंच वाचत होतो. चक फीनी नावाचा एक माणूस होता, विमानतळांवरच्या करमुक्त दुकानांच्या धंद्यातला. त्याने १९८४ साली आपला जवळपास सगळा वाटा स्वतःच काढलेल्या संस्थेला देऊन टाकला आणि १९९७ पर्यंत ते जगाला कळू दिलं नाही. आयुष्यभरात ८ अब्ज डॉलरपेक्षा जास्त पैसा वाटला आणि २०२० मध्ये संस्था बंद केली. मी मित्राला ऐकवलं, बघ, गुप्तदान असं असतं. तो म्हणाला, "त्याने विद्यापीठांना दिलं. मित्राच्या पोरीचं ओळखपत्र झूम करून नाही दिलं."

तेव्हाच विटगेनस्टाइनचंही वाचलं. तत्त्वज्ञ म्हणून सगळे ओळखतात, पण बाप युरोपातल्या बड्या पोलाद उद्योगपतींपैकी एक. १९१३ मध्ये बाप गेल्यावर याच्याकडे प्रचंड संपत्ती आली. १९१९ मध्ये युद्धकैदेतून सुटून आल्यावर याने ती सगळी भावाबहिणींना देऊन टाकली, आणि तीही आधीच गडगंज होती. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो, गरिबांना सोडून श्रीमंतांना कसले पैसे देतो? आता वाटतं, ज्याला दिलं तो मिंधा होणार नाही एवढं तरी त्या माणसाने बघितलं.

आता तुमच्याकडे वळतो. "मेहनतीने कमावलंय, लाज कसली" असं तुम्हाला दहा जण सांगतील. त्यांचं ऐकू नका. मेहनत माझ्या मित्रानेही तेवढीच केली होती, उलट रात्री जागून. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात पॉल पिफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मोनोपॉलीचा, म्हणजे आपल्याकडच्या 'व्यापार'सारख्या पटावरच्या खेळाचा, एक प्रयोग केला होता. नाणं उडवून दोघांतल्या एकाला सुरुवातीलाच दुप्पट पैसे द्यायचे, त्याला दोन फासे, दुसऱ्याला एकच. जिंकणार कोण हे उघड होतं. पण शेवटी का जिंकलात असं विचारलं की जिंकणारे आपण काय काय हुशारीने विकत घेतलं ते सांगायचे, नाण्याचं नाव कोणी काढायचं नाही. तुम्हाला निदान नाणं आठवतंय. ते विसरण्यापेक्षा थोडं अपराधी वाटलेलं परवडलं.

पण त्या वाटण्याचं करायचं काय, हा तुमचा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर माझ्याकडे अर्धवटच आहे. लपवू नका, एवढं नक्की. लपवलं की समोरच्याला दोन गोष्टी कळतात. तुमच्याकडे पैसा आहे हे एक, आणि तो बघून आपण कोलमडू असं तुम्हाला वाटतं हे दुसरं. पहिलीचं त्याला काही वाटत नसतं, दुसरी मात्र झोंबते. किंमत विचारली की खरी सांगा आणि पुढच्या विषयावर जा. मदत करायची असेल तर तोंडावर विचारा, आणि नाही म्हणाला तर तिथेच सोडा. परत विचारू नका, बायकोमार्फत तर अजिबात नको.

आणि जरा तपासून बघा की अपराधी नक्की कोणापुढे वाटतं. मित्राने मला एकदा विचारलं होतं, "माझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली माणसं तू रोज बघतोस. त्यांच्यासमोरून जाताना चपला बदलतोस का?" मला बोलता आलं नाही. पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७२ सालच्या एका निबंधात हाच काटा रुतवलाय. समोरच्या तळ्यात मूल बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून आपण थांबत नाही, मग लांब कुठेतरी उपाशी मरणाऱ्यासाठी तेवढंच सोसायला का थांबतो? त्यांचं सगळंच मला पटत नाही, त्या हिशेबाने चालायचं म्हटलं तर माणसाला घरात साधी खुर्ची घेता येणार नाही. पण आपली ही लाज ओळखीच्या चेहऱ्यांपुरती असते, हे खरंच. निम्मी तर 'ते काय म्हणतील'ची भीती असते. ती भीती वेगळी काढा, मग उरेल त्यासाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम अनोळखी माणसांसाठी बाजूला काढा. मी तीन वर्षं काढतोय. अपराधी वाटणं गेलं का? नाही. पण डिकीतल्या चपला गेल्या.

हे सगळ्यांना लागू नाही, तेही सांगून ठेवतो. कोणाला फसवून पैसा आला असेल तर अपराधी वाटणं योग्यच आहे, ज्याचा त्याला परत करा. तुमच्या भिडस्तपणाचा फायदा घेऊन कोणी सारखं मागत असेल तर तो निराळा आजार आहे. आणि भावंडांचं गणित मी मित्रावरून सांगतोय हे लक्षात ठेवा. तुमच्या शिक्षणासाठी कोणी स्वतःचं शिक्षण सोडलं असेल तर "तोंडावर विचारा" वगैरे माझं शहाणपण तिथे चालणार नाही, तिथे न विचारता करायचं असतं. झोपच उडाली असेल तर समुपदेशकाकडे जा, मी काही तज्ज्ञ नाही.

परवा एक तारखेला "फी १७/१८" आला. हे सगळे पैसे मी वेगळ्या खात्यात ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. एक हप्ता उरलाय. माझा मित्रही इथे वाचत असतो, तेव्हा त्याच्यासाठी शेवटचं लिहितो. जुन्या पगारपत्रकात रात्रपाळीचा भत्ता शोधून काढला मी. पगाराच्या दहाव्या हिश्शाइतकाही नव्हता रे तो. तेवढ्यासाठी कोण अकरा महिने रात्री जागतो? सांग आता.