दुधाचा सुळा पडत नाही, थांबू का?

"मॅडम, दुधाचा दात आपणहून पडू द्यावा म्हणतात. मग काढायचा कशाला?" हा प्रश्न दवाखान्यात सारखा येतो.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग वस्तीतली मुलगी, 11 पूर्ण. सोबत आई आणि आजी. दाखवायला आणली होती किडलेली दाढ. मला दिसलं वेगळंच. डावा सुळा अर्धा उतरलेला आणि उजवीकडे दुधाचाच सुळा खुंट्यासारखा रुतून बसलेला. आई कौतुकानं म्हणाली, "कडक भाकरी मोडती त्यानं, हलत पण नाय."

हे दीड वर्षापूर्वीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. तिच्या शाळेतल्या शिबिरात मीच तिला तपासलं होतं. कार्डावर माझ्या अक्षरात 'कीड 1' एवढंच. नऊ-दहाव्या वर्षी ओठ उचलून हिरडीवर, अगदी वर, बोट फिरवलं की आत उतरू लागलेल्या सुळ्याचा उंचवटा लागतो. दहा सेकंदांचं काम. पण पोरांची रांग लागली की तेच राहून जातं.

आता फिरवलं. डावीकडे फुगीर, उजवीकडे सपाट. शेजारची पटाशी जरा बारीकच होती. अशा पटाशीजवळचा सुळा पुष्कळदा वाट चुकून टाळूकडे वळतो. एक्स-रेत तेच निघालं. सुळा तिरका, टोक पटाशीच्या मुळावर.

दुधाचा सुळा काढायला हवा म्हटल्यावर आजी एकदम म्हणाली, "वरचा दात उपटला की नजर जाती. आमच्या शेजारणीची गेली." शेजारीण सत्तरीची, मोतीबिंदूची. मी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं: डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. "डोळ्याला काही होत नाही आजी. थांबलो तर मात्र या पटाशीचं मूळ झिजू शकतं, आणि ते दुखतही नाही."

आईची भीती निराळी होती: दुधाचा काढला आणि दुसरा आलाच नाही तर? त्याची हमी मी दिली नाही. 1988 मध्ये स्वीडनच्या एरिकसन आणि कुरोल यांनी 10 ते 13 वर्षांच्या मुलांचे दुधाचे सुळे काढून पाहिले. टाळूकडे गेलेल्या 46 पैकी 36 सुळे वाटेवर आले. उरलेल्यांचं काय, तेही सांगितलं. हिरडी उघडून सुळ्याला साखळी लावायची आणि तारांनी हळूहळू खाली ओढायचा. त्यात वेळही जातो आणि पैसाही.

दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: उजवा सुळा बोटाला लागत नाही, दुधाचा घट्ट, पटाशी बारीक, एक्स-रे सोबत. नुसतं 'पाहावे' लिहिलेली चिठ्ठी घरी देवाच्या फोटोमागे जाते, हा माझा अनुभव. वडील फोनवर म्हणाले, "गड्ड्याची यात्रा झाल्यावर बघू." यात्रेला चार महिने होते. दिवाळीच्या बोनसवर तडजोड झाली.

दुधाचा सुळा निघाला. सहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेत टोक थोडं सरळ झालंय, पण बोटाला अजून लागत नाही. आजी मात्र रोज सकाळी नातीला डावा डोळा झाकायला लावून भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी वाचून घेते.