‘एक बरं की दोन?’

सिलिंड्रिकल नंबरावरची पत्रं काही थांबत नाहीत. (डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसली की लागतो तो हा नंबर, म्हणजेच सिलिंडर; तो कोणत्या कोनात बसवायचा तो ॲक्सिस.) आणि बहुतेकांच्या मनात धाकधूक एकच, ‘माझं उत्तर चुकलं तर?’

प्रश्न : डॉक्टर दांड्याचं छोटं भिंग डोळ्यापुढे उलटसुलट करत ‘एक बरं की दोन?’ विचारत होते. शेवटी मला दोन्ही सारखंच धूसर दिसलं. चुकलं का?

उत्तर : नाही. ‘सारखंच’ हे ऐकायलाच आम्ही थांबलेलो असतो.

प्रश्न : दुकानात कॉम्प्युटरवर फुकट नंबर काढला. सिलिंडर २.००, ॲक्सिस १६०. नव्या चष्म्यातून फरशी तिरकी दिसते. दुकानदार म्हणतो, सवय होईल.

उत्तर : बरोबर नंबरालाही कधी आठ दिवस सवय लागते, हे खरं. पण ‘सवय होईल’ या दोन शब्दांवर किती चुकीचे चष्मे खपतात! मशीनचा नंबर ही सुरुवात असते. ॲक्सिस १० अंशांनी चुकला तर तुमच्या २.०० पैकी साधारण ०.७० दोष तसाच राहतो. ३० अंशांनी चुकला तर पूर्ण २.००, फक्त दिशा बदललेली. म्हणजे चष्मा असून नसल्यासारखाच. हे टाळायलाच ते दांड्याचं भिंग, जॅक्सन क्रॉस सिलिंडर. त्यात एकमेकांना काटकोनात प्लस आणि मायनस सिलिंडर असतात, बहुधा ०.२५ चे. दांडा ॲक्सिसच्या रेषेत धरायचा, भिंग उलटायचं, ज्या बाजूला अक्षर कमी धूसर त्या बाजूच्या लाल ठिपक्यांकडे (ते मायनस सिलिंडरची दिशा दाखवतात) ॲक्सिस थोडा सरकवायचा, पुन्हा उलटायचं, दोन्ही सारखंच धूसर दिसेपर्यंत. आधी ॲक्सिस, मग पॉवर. काम दोन-चार मिनिटांचं, आणि फुकट तपासणीत नेमकी तीच वाचवतात. फ्रेम गोल असेल तर काच आत फिरली नाही ना, तेही बघा. मग चष्मा घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : गाजराच्या रसाने सिलिंडर उतरतो का?

उत्तर : नाही.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची. वर्षात दोनदा सिलिंडर वाढला. ॲलर्जीमुळे डोळे सारखे चोळते. सुट्टी लागली की दाखवू?

उत्तर : सुट्टीची वाट कसली बघता? याच आठवड्यात कॉर्नियाची (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची) टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा, करून घ्या. केराटोकोनस असेल तर कॉर्निया पातळ होत पुढे येतो. क्रॉसलिंकिंगने, म्हणजे कॉर्निया घट्ट करणाऱ्या उपचाराने, ही वाढ बहुधा थांबवता येते, गेलेला आकार मात्र पूर्ववत होत नाही. चोळणं आजपासून बंद, आणि ॲलर्जीचे थेंब डॉक्टरांना विचारूनच. शेजारणीच्या कपाटातले स्टेरॉइडचे नकोत.

प्रश्न : तपासणीला कॉन्टॅक्ट लेन्स घालून आलं तर चालेल?

उत्तर : नाही. किती दिवस आधी काढायच्या ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.