अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या फॅन्सना हाताने बनवलेले कानातले कसे विकायचे?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याच्या नोकरीमुळे कॉलेजच्या गावात आलोय, मण्यांचे आणि क्लेचे कानातले बनवते, मॅचच्या शनिवारी अख्खं गाव एकाच रंगात असतं तर त्या लोकांना ते कसे विकू, इन्स्टावर टीमच्या लोगोवाले डिझाइन टाकू का. मी कोलंबसला राहते, म्हणजे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या गावात, आणि पाच सीझन हेच करतेय म्हणून लिहिते. थोडं लांबेल.

एक आधी बघा, व्हिसा एच-४ (नवऱ्याच्या एच-१बी वर बायकोला मिळतो तो) असेल आणि ईएडी, म्हणजे काम करायचं परवानगीपत्र, नसेल तर विकायला सुरुवातच करू नका, छंद असला तरी पैसे घेतले की ते काम धरलं जाऊ शकतं. ईएडी आल्यावर पुढचं वाचा.

आता लोगो. टाकू नका. युनिव्हर्सिटीचं नाव, अक्षर, मॅस्कॉट (टीमचं चिन्ह असलेला प्राणी किंवा बाहुला) सगळं ट्रेडमार्क असतं आणि त्यावर बारीक नजर असते. किती बारीक, तर ओहायो स्टेटने २०२२ मध्ये कपडे आणि टोप्यांसाठी 'द' ह्या शब्दाचा ट्रेडमार्क मिळवला, हो, इंग्रजीतला तो साधा 'द', कारण इथले लोक 'द ओहायो स्टेट' असं ठासून म्हणतात. नुसत्या रंगाला कोण काय करणार असं मलाही वाटायचं, पण २००८ मध्ये एका टी-शर्टवाल्या कंपनीविरुद्ध एलएसयू (लुइझियाना स्टेट), ओहायो स्टेट वगैरे चार युनिव्हर्सिटीज कोर्टात जिंकल्या. टीमचे रंग आणि सोबत त्या टीमची आठवण करून देणारा मजकूर, हे दोन्ही एकत्र आलं की लोकांना तो माल ऑफिशियल वाटतो, असं कोर्टाचं म्हणणं. मी वकील नाही, पण हे कळल्यापासून माझा नियम एकच, कानातले लाल-राखाडी करायचे आणि टीमचं नाव ना कानातल्यावर ना ऑनलाइन लिस्टिंगच्या टायटलमध्ये. 'लाल-राखाडी मण्यांचे डूल, गेम डे साठी', बास, ज्याला कळायचं त्याला कळतं. लोगो हवाच असेल तर युनिव्हर्सिटीच्या लायसन्सिंग ऑफिसला मेल करून विचारा, काही ठिकाणी छोट्या कारागिरांसाठी वेगळं लायसन्स असतं.

रंग मात्र तंतोतंत पाहिजे आणि पहिल्या वर्षी मी इथेच आपटले. ऑनलाइन फोटो बघून लाल मणी मागवले, आले ते शेंदराकडे झुकणारे. मला वाटलं लाल तो लाल, केले चाळीस जोड. पहिल्याच स्टॉलवर एक साठीच्या बाई आल्या, जोड उचलला, स्वतःच्या जर्सीच्या बाहीवर धरला आणि हसून परत ठेवला, म्हणाल्या, छान आहे गं पण हा आमचा लाल नाही. आपल्याकडे कुंकू आणि शेंदूर कुणी एक म्हणेल का, तसंच आहे हे. आता टीमचा एक स्वस्तातला टी-शर्ट घेऊन ठेवलाय, मणी आधी दोन-चार नमुन्याचे मागवते आणि दिवसाच्या उजेडात त्यावर ठेवून बघते, ट्यूबलाइटखाली नाही. ते चाळीस जोड शेवटी मंडळाच्या गणपतीत संपले, तिथे शेंदरी चालतो :)

मार्केटिंग म्हणाल तर कानातले फोटोवरून कमी आणि दुसरीच्या कानात बघून जास्त विकले जातात, निदान माझा अनुभव तरी असाच आहे. इन्स्टावर महिनाभर रील टाकून जेवढं झालं नाही तेवढं एका टेलगेटला झालं (टेलगेट म्हणजे मॅचच्या आधी पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून, ग्रिल लावून तासन्‌तास खाणंपिणं चालतं ते). नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेले होते, स्टॉल नाही काही नाही, कानात माझेच डूल आणि पर्समध्ये दहा जोड, शेजारच्या गाडीवाल्या दोघींनी विचारलं कुठून घेतलेस. सरळ तिथेच विकू नका, स्टेडियमच्या आसपास विकायला परमिट लागतं, क्यूआर कोडवालं कार्ड द्या. आणि ज्या चार-पाच जणी बोलक्या असतात, दर मॅचला जातात, त्यांना एकेक जोड फुकट द्या. इन्फ्लुएन्सरला पैसे देण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

वेळ सांभाळा. सीझन ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत, त्यात घरच्या मैदानावरच्या मॅचेस साधारण सात. म्हणजे विकायचे शनिवार सातच, आणि ऑर्डर येते सोमवार ते बुधवार कारण शुक्रवारपर्यंत हातात पाहिजे असते. मी जून-जुलैमध्येच माल करून ठेवते. सप्टेंबरमध्ये लांब डूल खपतात, नोव्हेंबरमध्ये लोकरीची टोपी आणि मफलर आला की हुक त्यात अडकतात, तेव्हा टॉप्स चालतात, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. वजन हलकं ठेवा, बाई टेलगेट धरून सात-आठ तास ते घालून असते, आणि हुक निकेल नसलेले घ्या, एकीचा कान खाजला की ती दहा जणींना सांगते.

मिशिगन म्हणजे इथला कट्टर प्रतिस्पर्धी, त्यांच्याशी मॅच नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी असते, त्या आठवड्यात इथे कॅम्पसवरच्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल फुली मारतात, खरंच. सगळ्यात जास्त विक्री त्याच आठवड्यात. पण निकालावर बेतलेला माल करू नका. २०२४ ला सगळे जिंकायच्या तयारीत होते आणि घरच्या मैदानावर १३-१० ने हरले, रविवारपासून माझं दुकान स्मशान. त्याच टीमने पुढे जानेवारीत नोट्र डेमला ३४-२३ ने हरवून नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा माझ्याकडे लाल मणी शिल्लक नव्हते, काय बोलणार.

किंमत. एट्सीवर (हाताने बनवलेल्या वस्तू विकायची वेबसाइट) लिस्टिंगला २० सेंट, विक्रीवर ६.५ टक्के, पेमेंटचे ३ टक्के अधिक २५ सेंट. १८ डॉलरच्या जोडामागे सव्वादोन डॉलरच्या आसपास तिथेच जातात, शिपिंग आणि डबी वेगळी. दहा-बारा डॉलरला विकलं तर तुमच्या मजुरीचं काही उरत नाही, तरी नवीन बायका तेवढ्यालाच देतात आणि सगळ्यांचा भाव पाडतात (हा माझा राग आहे, सोडून द्या).

अजून एक, इथे बकाय झाडाच्या बियांच्या माळा घालायची जुनी पद्धत आहे, टीमचं नावच बकाइज. चॉकलेटी, चकचकीत बी, रिठ्यापेक्षा मोठी, वर फिकट डाग. मीही सप्टेंबरमध्ये पार्कातून पिशवीभर गोळा करून लगेच भोकं पाडून ओवल्या, महिन्याभरात बिया आक्रसून दोरा ढिला आणि तीन माळांना बुरशी. आधी नीट वाळू द्यायच्या, मग भोक, मग वॉर्निश. आणि बी विषारी असते, घरात लहान मूल असलेल्या गिऱ्हाइकाला तसं सांगून द्या.

तुमचं गाव कुठलं ते लिहिलं नाहीत. अ‍ॅन आर्बर, म्हणजे मिशिगनच्या टीमचं गाव, असेल तर हळदीसारखा पिवळा आणि गडद निळा लागेल, माझ्याकडे त्याचे मणी आहेत, तिथल्या एका मैत्रिणीसाठी दरवर्षी बारा जोड करते. फक्त कोलंबसच्या पोस्टात ते पाकीट द्यायला नवरा येत नाही.