झूऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षातून बी.एस्सी. नर्सिंगला 'ट्रान्सफर' मिळते का?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकला पंचवटीत राहतेस, एस.वाय.बी.एस्सी. झूऑलॉजीला आहेस, बारावीला पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) ६१ टक्के होते आणि आता नर्सिंगच करायचं असं पक्कं झालंय. कॅलिफोर्नियातली मावसबहीण सांगते की तिकडे दोन वर्षं कॉलेज करून नर्सिंगला ट्रान्सफर घेतात. इथला एक एजंट म्हणतो, बेंगळुरूला थेट दुसऱ्या वर्षाला बसवून देतो. मग घराजवळच्या आरोग्य विद्यापीठात तसं का होऊ नये, निदान एक वर्ष तरी वाचावं.

होत नाही. बी.एस्सी. नर्सिंगला दुसऱ्या शाखेतून मधल्या वर्षात शिरायची सोय नाही. इंजिनिअरिंगला डिप्लोमावाल्यांना थेट दुसरं वर्ष मिळतं, तसं इथे काही नाही. झूऑलॉजीचं एक वर्ष झालेलं असो नाहीतर पदवी हातात असो, सुरुवात पहिल्या सेमिस्टरपासूनच. मी स्वतः जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून, काही वर्षं वॉर्डात काढून मग पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची बी.एस्सी.) केलं आणि आता नर्सिंग कॉलेजात शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी विद्यापीठाबद्दल. दिंडोरी रोडला म्हसरूळला जे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, ते १९९८ सालापासून राज्यभरातल्या वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग वगैरे कॉलेजांना संलग्नता देतं, परीक्षा घेतं, पदवी देतं. नर्सिंगचा प्रवेश त्याच्या खिडकीवर मिळत नाही. प्रवेश संलग्न कॉलेजात होतो, जसं आडगावला मविप्र म्हणजे मराठा विद्या प्रसारक समाजाचं नर्सिंग कॉलेज आहे, आणि त्यासाठी राज्य सीईटी सेलची बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. तेव्हा विद्यापीठात जाऊन 'साहेबांना भेटून' काही होईल ही आशा सोड. तिथला माणूस तुला सीईटी सेलचाच पत्ता देईल.

आता मुख्य गोष्ट. तुला वाटतं तुझे क्रेडिट वाया चाललेत. ते शैक्षणिक क्रेडिट बँकेत तुझ्या नावावर राहतील, पण भारतीय नर्सिंग कौन्सिल मोजतं ते वेगळंच. २०२१ च्या नव्या नियमावलीनुसार बी.एस्सी. नर्सिंग आठ सेमिस्टरचं झालं. एका सेमिस्टरला साधारण २० आठवडे, आठवड्याला ४० तास. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळायच्या आत प्रत्येक क्लिनिकल विभागातले तास १०० टक्के भरावे लागतात. आजारी पडलीस, घरात लग्न निघालं, तरी बुडालेली ड्युटी भरून काढायचीच.

हे तास कागदावर कसे दिसतात तेही सांगते. प्रत्येक मुलीकडे लॉगबुक असतं. बेडमेकिंग, टीपीआर म्हणजे ताप-नाडी-श्वास, बीपी, स्पंजिंग, इंजेक्शन, कॅथेटर केअर, एकेका प्रोसीजरपुढे तारीख आणि सही. पहिल्या सेमिस्टरच्या मुली लॅबमध्ये चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडायला शिकतात. सिस्टर येते, त्या कोपऱ्याला बोटाने ओढून बघते, सुटला तर पुन्हा सगळी चादर काढायला लावते. मॅकिन्टॉशवर, म्हणजे गादीवरच्या रबरी कापडावर, ड्रॉ शीटला (आडव्या चादरीला) एक सुरकुती राहिली तर म्हणते, "तू झोप यावर आठ तास, मग सांग." बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, तिथूनच सुरू होतो हे त्या दिवशी कळतं. झूऑलॉजीच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर कितीही चांगले शेरे असले तरी या सहीच्या जागी ते चालत नाहीत, आणि मला विचारशील तर चालूही नयेत.

म्हणून तुझं शिक्षण फुकट गेलं असं मात्र मुळीच नाही. पहिल्या वर्षाला अप्लाइड अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मग बायोकेमिस्ट्री आणि न्यूट्रिशन, तिसऱ्या सेमिस्टरला मायक्रोबायॉलॉजी. बारावीतून थेट आलेल्या मुली जिथे अडखळतात तिथे तू आरामात पुढे जाशील. सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन मात्र तुलाही नवंच असेल.

मावसबहिणीचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. तिकडे कम्युनिटी कॉलेजात अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी असे पायाभूत विषय करतात, ते चांगल्या ग्रेडने पास व्हावे लागतात, बऱ्याच ठिकाणी टीईएएस नावाची प्रवेश परीक्षा असते आणि मग विद्यापीठाच्या नर्सिंग प्रोग्रामला ट्रान्सफर विद्यार्थी म्हणून अर्ज करतात. कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांत जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त असतात, त्यामुळे नुसतं पात्र असून भागत नाही. पण बारकाईने बघ, तिथेही पुढे जातात ते हे पायाभूत विषय. प्रत्यक्ष नर्सिंगची सेमिस्टर्स तीही मुलगी पहिल्यापासूनच करते. नर्सिंगचे विषय एका कॉलेजातून दुसऱ्यात सहसा घेत नाहीत. आपल्याकडे पायाभूत विषय चार वर्षांच्या आतच बसवलेत, एवढाच फरक. आणि तुझी पुणे विद्यापीठाची गुणपत्रिका तिकडे चालवायची तर आधी तिचं विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं, शिवाय परदेशी विद्यार्थ्याची फी. त्यापेक्षा इथे बी.एस्सी. नर्सिंग करून, नोंदणी करून, अनुभव घेऊन मग एनक्लेक्स (अमेरिकेतली नर्सिंग परवान्याची परीक्षा) देणाऱ्या मुली मी जास्त पाहिल्यात.

नर्सिंगमध्ये खरी ट्रान्सफर असते ती नर्सिंगमधून नर्सिंगला. समजा एखादी मुलगी दुसऱ्या राज्यात बी.एस्सी. नर्सिंगचं पहिलं वर्ष करून वडिलांच्या बदलीमुळे नाशिकला आली. तिला पहिल्या वर्षाचे सगळे विषय पास असावे लागतात, दोन्ही विद्यापीठांचा अभ्यासक्रम ७५ टक्के तरी जुळावा लागतो, इथल्या कॉलेजात त्या वर्षाची जागा रिकामी हवी, दोन्हीकडची ना-हरकत हवी, आणि प्रकरण कौन्सिलला कळवावं लागतं. न शिकलेले विषय वेगळे द्यावे लागू शकतात. म्हणजे नियमात आहे, पण कारण ठोस लागतं आणि चपला झिजतात. तू त्या गटात येतच नाहीस.

यावरून एजंटकडे येते. तू लिहिलंस की त्याने पंचवीस हजार घेऊन साध्या पावतीपुस्तकातली पावती दिली, त्यावर 'रजिस्ट्रेशन' एवढंच लिहिलंय, कॉलेजचं नाव नाही. ते पैसे आजच परत माग, लेखी माग, बाबांना सोबत घेऊन जा. 'थेट दुसरं वर्ष' म्हणणारे पुढे दोनच गोष्टी करतात. एक तर तिथे गेल्यावर पहिल्या वर्षातच बसवतात आणि म्हणतात "इस साल रूल बदल गया". नाहीतर आदल्या वर्षीचा प्रवेश कागदोपत्री दाखवतात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण ज्या वर्षी तू नाशिकला झूऑलॉजीची परीक्षा देत होतीस त्याच वर्षी तू दुसऱ्या राज्यात वॉर्डात ड्युटी केली असं तुझ्याच सहीने लिहिलं जाणार. पुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीला गेलीस की ट्रान्सक्रिप्ट आणि तास बघतात, आणि नोंदणी नाही तर नोकरी नाही. एजंट तोवर दुसऱ्या शहरात.

बेंगळुरू वाईट असं माझं म्हणणं नाही. तिथे चांगली कॉलेजं आहेत आणि इकडच्या कितीतरी मुली शिकून आल्यात. जायचंच तर कॉलेज राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहे का, कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी आहे का आणि भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव आहे का, हे तिन्ही स्वतः बघ. आणि प्रवेश पहिल्या वर्षालाच घे.

एक पैशांचा मुद्दाही आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली, पण कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, आलीस तरच. मॅनेजमेंट कोट्यात ती नाही, परराज्यात तर नाहीच. तुझ्या प्रवर्गाला आणि नर्सिंगला ती कशी लागू होते हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात फॉर्म भरायच्या आधी विचारून घे.

आता काय करायचं. ६१ टक्के पुरतात. पीसीबीला ४५ टक्के आणि इंग्रजी पास एवढी किमान अट आहे, राखीव प्रवर्गाला थोडी सवलत. सीईटीला १०० प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड प्रत्येकी २०. बायॉलॉजी तुझी तयार असेल, फिजिक्स मात्र बारावीनंतर उघडलं नसशील, तिथून सुरुवात कर. जानेवारी-फेब्रुवारीपासून सीईटी सेलच्या संकेतस्थळावर लक्ष ठेव. तारखा पुढेमागे होतात, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तारखांवर जाऊ नकोस.

आणि कृपा करून आत्ताच्या कॉलेजातून नाव काढू नकोस. मुली उत्साहात दाखला काढून बसतात, पहिल्या राउंडला जागा लागत नाही, मग दोन्हीकडून जातात. अॅलॉटमेंट हातात आल्यावर दाखला काढ. तेव्हा पुणे विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्रही मागतात. झूऑलॉजीच्या गुणपत्रिका जपून ठेव, त्यामुळे मधल्या वर्षांत तू शिकतच होतीस हे दिसतं. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातपडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर हे सगळं आत्तापासून काढायला टाक. मे-जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही पदव्या एकदम करता येतील का असं विचारलंस, तर आठवड्याला ४० तास आणि वर ड्युट्या धरून ते विसर.

जीएनएमचा पर्याय बाजूला टाकू नकोस. तीन वर्षांचा कोर्स, मग नोंदणी, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. म्हणजे एकूण पाच वर्षं, थेट बी.एस्सी.पेक्षा एक जास्त, पण तीन वर्षांनी पगार सुरू होऊ शकतो. घरची ओढाताण असेल तर हा रस्ता चांगला, मीही तिथूनच आले. तुझ्यावर तसा दबाव दिसत नाही, वयही अगदी योग्य आहे, तर आधी चार वर्षांच्या बी.एस्सी.लाच लाग. कॅपमध्ये सरकारी आणि नाशिकजवळची कॉलेजं वर टाक, आणि नाशिकबाहेरची निदान पाच-सहा खाली टाक, धुळे, जळगाव, नगर, संभाजीनगर. आई नको म्हणतेय असं लिहिलंस, पण हॉस्टेल नर्सिंगला बहुतेक ठिकाणी असतंच आणि रात्रपाळी सुरू झाली की पंचवटीहून आडगावला ये-जा करण्यापेक्षा ते बरंच वाटतं. आईला एकदा कॉलेजचं हॉस्टेल दाखवून आण, वॉर्डनशी बोलू दे.